बिनअक्षरी कबरी : मध्य प्रांतातील दोन याद्यांचे पुनर्वाचन

नागपूरच्या सरकारी छापखान्यातून १९३२ साली दोन ग्रंथ बाहेर पडले. पहिला ओ. एस. क्रॉफ्टन यांचा. मध्य प्रांत व वऱ्हाड येथील थडग्यांवर आणि स्मारकांवर कोरलेल्या लेखांची ती यादी असून तिला मृतांची चरित्रात्मक टिपणे जोडलेली आहेत. दुसरा ग्रंथ रायबहादूर हिरालाल यांचा. याच प्रांतातील शिलालेख व ताम्रपट यांचे ते वर्णनात्मक संकलन होय. त्याची पहिली आवृत्ती १९१६ ची. १९३२ ची ही सुधारून वाढविलेली. एकाच वर्षी, एकाच छापखान्यातून, एकाच प्रांतातील दगडांवरील अक्षरांविषयी निघालेले हे दोन ग्रंथ अभ्यासकांच्या हाती बहुधा वेगवेगळ्या वेळी पडतात. ते एकत्र ठेवून वाचले म्हणजे प्रत्येकात काय आहे हे तर कळतेच, पण दोहोंतही काय नाही हे अधिक स्पष्टपणे कळते. प्रस्तुत लेखात तसे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्या नित्याच्या कामाशी त्याचा काय संबंध, हे पुढे ओघाने येईल.

या पुनर्वाचनाचे निमित्त मात्र ग्रंथालयात मिळाले नाही; ते रामाकोन्याच्या वाटेवर मिळाले. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना, घाट चढण्यापूर्वी, कन्हान नदीच्या काठी रामाकोना लागते. हा सौंसर तहसिलीचा मुलूख. छिंदवाड्याच्या पठाराहून तो वेगळा, घाटाखालचा. इथल्या घरांतली भाषा मराठी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये सौंसर व पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. सरहद्दी अशा सरकत राहिल्या. पुरलेली माणसे मात्र जिथल्या तिथे आहेत.

रामाकोन्याहून काही मैलांवरील एका खेड्यात एका वृद्धेच्या दफनासाठी मी गेलो होतो. विधी आटोपल्यावर तेथील वयोवृद्ध धर्मशिक्षक, ज्यांना सारा गाव ‘मास्तर’ म्हणतो, मला शेताच्या बांधालगतच्या जागेत घेऊन गेले. तेथे बावीस दगड होते. एकावरही अक्षर नव्हते. मास्तरांनी काठीने एकेक दगड दाखवीत त्याखाली कोण आहे ते सांगितले. एका सपाट, झिजलेल्या दगडाशी ते थांबले. म्हणाले, “हे माही आजी होय, फादर. तिचा पाटाच ठेवला आम्ही. लिहिता कोणाले येत होतं?”

ज्या पाट्यावर त्या बाईने आयुष्यभर मिरची-मसाला वाटला तो पाटाच तिचे थडगे झाला होता. बावीसपैकी सतरा दगडांची नावे मास्तरांना ठाऊक होती. उरलेल्या पाचांविषयी ते म्हणाले की, ते बाबांना ठाऊक होते.

क्रॉफ्टन यांची यादी

क्रॉफ्टन यांचे काम ज्या परंपरेतील आहे ती इंग्रजी अमदानीत बरीच पुढे गेली होती. बंगालची अशी यादी १८९६ मध्ये, मद्रासची १९०५ मध्ये, पंजाबची १९१० मध्ये आणि संयुक्त प्रांताची १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. ऊन, पाऊस आणि झाडांच्या मुळ्या थडग्यांवरील अक्षरे खाऊन टाकतात. ती नाहीशी होण्यापूर्वी उतरवून घ्यावीत, हा या उपक्रमाचा हेतू होता. तो स्तुत्यच म्हटला पाहिजे. आज ज्या शिळा फुटल्या किंवा चोरीस गेल्या त्यांचा मजकूर केवळ या याद्यांमुळे शिल्लक आहे.

असा ग्रंथ नीट वाचणारास मृत्युलेख हे इतिहासाचे किती बोलके साधन आहे हे कळून येते. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. अशा ठिकाणच्या थडग्यांवर मृताचे नाव येते, त्याच्याबरोबर पलटणीचे नाव येते, हुद्दा येतो, कधी मृत्यूचे कारणही येते. एकाच आठवड्यातील चार तारखा शेजारी शेजारी दिसल्या की पटकीची साथ लक्षात येते. पंचविशीतील आईच्या शेजारी अकरा दिवसांचे मूल असले की त्या काळचे बाळंतपण कसे होते हे निराळे सांगावे लागत नाही. १८४१ मध्ये अमरकंटकाजवळ करंजिया येथे गोंड लोकांत सेवा करण्यास आलेल्या जर्मन मिशनऱ्यांपैकी चौघे काही महिन्यांतच मरण पावले. मिशनच्या अहवालात जे कार्य ‘थांबले’ ते कशाने थांबले, याचे उत्तर कबरींपाशी मिळते.

तथापि या याद्यांची निवड कोणत्या निकषावर झाली हा प्रश्न विचारलाच पाहिजे. या परंपरेतील ग्रंथांच्या नावांत वा प्रस्तावनांत ‘ऐतिहासिक महत्त्वाचे’ असा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. ऐतिहासिक महत्त्व म्हणजे व्यवहारात काय, तर मुख्यत्वे युरोपीय मनुष्य, त्यातही अधिकारी. सीताबर्डीच्या टेकडीवर जे इंग्रज अधिकारी पडले त्यांची नावे आपल्याला मिळतात. त्यांच्या बाजूने लढताना मेलेले मद्रासी शिपाई पलटणीच्या आकड्यात मोजले जातात. ख्रिस्ती दफनभूमीतही हाच न्याय लागू झाला. मिशनऱ्याचे थडगे यादीत येते. त्याच कुंपणात, त्याच प्रार्थनेने, त्याच पुनरुत्थानाच्या आशेने पुरलेला देशी धर्मशिक्षक यादीबाहेर राहतो. हे क्रॉफ्टन यांचे वैयक्तिक वैगुण्य नव्हे. प्रत्येक राज्यकर्ता आपल्याच मृतांची यादी प्रथम करतो. आपण मात्र ती यादी म्हणजेच दफनभूमी असे मानून चालतो, आणि येथे चूक आपली आहे.

इंग्लंडमध्ये १९७६ साली दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींसाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिने पुष्कळ स्थळांची दुरुस्ती व नोंद केली. त्या कामाविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागेल की, परक्यांनी आपल्या मृतांसाठी एवढे केले, आणि आपण आपल्या मृतांसाठी अद्याप साधी वहीही घातलेली नाही.

हिरालाल यांची यादी

रायबहादूर हिरालाल यांचा दृष्टिकोन याहून व्यापक आहे. आर. व्ही. रसेल यांच्याबरोबर १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा पंडित केवळ राजांच्या दानपत्रांवर थांबला नाही. सतीशिळांवरील छोट्या, अशुद्ध, अर्धवट लेखांचीही त्याने दखल घेतली. सतीशिळा आपल्या ओळखीची आहे. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला एक हात वर उचललेला असतो आणि माथ्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. वीरगळावरही सूर्य-चंद्र असतात; जोवर ते आहेत तोवर ही आठवण राहो, असा त्याचा आशय. बहुतेक सतीशिळांवर मुळात लेख नसतो. जिथे दोन ओळी आहेत तिथे हिरालाल यांनी त्या टिपल्या आणि एखाद्या अज्ञात बाईच्या मरणावरून त्या काळी तिथे राज्य कोणाचे होते हे ठरविले.

येथेच या दुसऱ्या ग्रंथाची मर्यादा सापडते. हिरालाल यांनी वंशाचा भेद केला नाही, पण अक्षराची अट ठेवली. लेखसंग्रह म्हटल्यावर ती अपरिहार्यच होती. मात्र ज्या प्रदेशात बहुसंख्य लोकांच्या हाती अक्षर आले नाही तिथे या अटीचा परिणाम काय होतो? गोंडी भाषेला रूढ लिपी नव्हती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्ह. डॉसन यांनी छिंदवाड्यास राहून गोंडी शब्द गोळा केले आणि ते १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. म्हणजे विद्वानांच्या नियतकालिकात गोंडी पोहोचली. गोंडाच्या कबरीवर ती आली नाही. मेलेल्यासाठी दगड उभा करण्याची रीत गोंडांत जुनी आहे. भामरागडच्या माडिया लोकांत ती अलीकडेपर्यंत जिवंत दिसते. बैतूल व मेळघाटातील कोरकू मृताच्या स्मरणार्थ लाकडी फलक कोरतात; त्यावर घोडेस्वार आणि सूर्य-चंद्र असतात. दगडाला अक्षर नाही आणि लाकूड कुजते. त्यामुळे दोन्हीही यादीत येत नाहीत.

अशा रीतीने एका यादीने वंश पाहिला आणि दुसरीने अक्षर पाहिले. मास्तरांच्या आजीकडे दोन्ही नव्हते.

अक्षरावाचून वाचन

अक्षर नसले तर दगड मुका ठरतो काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रदेशाने फार पूर्वी दिले आहे, आणि ते शोधताना एका ख्रिस्ती सेवकाने प्राण दिला आहे, हे विसरता कामा नये.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. ते शाळा चालवीत, उपदेश करीत आणि खडक वाचीत. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूस्तरांवर आणि जीवाश्मांवर केलेले लेखन भूशास्त्रात मान्यता पावले. गोंड व इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ती पाहून आणि तेथील शाळा तपासून परत येताना, बोरीजवळ पावसाने फुगलेला नाला ओलांडताना हिस्लॉप बुडाले. सेहेचाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास तेव्हा चार दिवस उरले होते. ती वर्तुळे म्हणजे प्राचीन दफनस्थाने होती.

हिस्लॉप यांचे अपुरे काम पुढे इतरांनी केले. जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत; तेथे रिव्हेट-कार्नॅक यांनी गेल्याच्या आधीच्या शतकात आणि बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे खोदकाम केले. पुढे नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. या साऱ्या कबरींत एकही अक्षर नाही. तरीही त्यांवरून इतके कळते : ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात येथील लोकांना लोखंड करता येत होते, घोडा त्यांच्या इतका जिव्हाळ्याचा होता की, माहुरझरीस तो तांब्याच्या अलंकारांसह मालकासोबत पुरला गेला, मृताला हत्यारे, भांडी आणि मणी दिल्यावाचून ते त्याला निरोप देत नसत.

याच जातीचा पुरावा रोमच्या भूमिगत ख्रिस्ती दफनभूमींतही आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी १८४९ पासून कॅलिक्स्टसच्या दफनभूमीचा जो शोध घेतला त्यामुळे हुतात्म्यांच्या व रोमच्या महागुरूंच्या कबरी उजेडात आल्या हे आपण शिकतो. पण तिथल्या असंख्य गरिबांच्या कोनाड्यांवर नाव नाही. नातलगांनी ओल्या चुन्यात एखादे नाणे, शंख, काचेचा तुकडा किंवा मुलाचे खेळणे दाबून ठेवले, एवढ्यासाठी की अंधारात हात लावून आपले माणूस ओळखता यावे. त्या दफनभूमीचा कारभार पाहणारा डीकन कॅलिक्स्टस हा पूर्वी गुलाम होता आणि नंतर रोमचा महागुरू झाला. दफनभूमी सांभाळणे हे आद्य धर्मसभेत हलके काम मानले जात नव्हते, हे यावरून दिसते.

चुन्यात दाबलेले नाणे आणि शेताच्या बांधावरचा पाटा यांत फरक तो काय? दोन्ही ठिकाणी वस्तूने अक्षराचे काम केले आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बिनअक्षरी कबरी आपण मोजपट्टी लावून वाचतो, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या आपल्याच माणसांच्या बिनअक्षरी कबरींना ‘काही नाही, नुसते दगड आहेत’ म्हणतो. ही विसंगती लाजिरवाणी आहे.

या मातीतील साक्ष

मग सौंसर-पांढुर्णा भागातील एखादी साधी ख्रिस्ती दफनभूमी काय सांगू शकेल? पाहण्याची सवय लागली की पुष्कळ सांगू शकेल.

प्रथम दगड पाहावा. पांढुर्ण्याकडे काळा फत्तर आहे. सौंसरच्या खडकसमूहात संगमरवर आहे आणि त्या समूहाला भूशास्त्रात सौंसरचेच नाव आहे. कामठीचा वालुकाश्म त्याच नावाने ओळखला जातो. स्थानिक फत्तराच्या रांगेत बाहेरून आणलेली घडीव शिळा दिसली की त्या घरी पगार येत होता असे अनुमान करता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी या तहसिलीत मँगेनीजच्या खाणी सुरू झाल्या. नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे २०१५ पर्यंत या वाटेने धावत होती. खाण आणि रेल्वे दूरची माणसे आणतात, आणि त्यांतली काही परत जात नाहीत. एखाद्या परक्या आडनावाची एकटी कबर हाच कधी कधी त्या स्थलांतराचा गावात उरलेला एकमेव कागद असतो.

नंतर तारखा पाहाव्यात, आणि त्या शिळेवर नसतील तर दफनाच्या नोंदवहीत पाहाव्यात. या प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागून १८९९-१९०० चा, लोकांच्या तोंडी ‘छप्पन्या’ म्हणून राहिलेला दुष्काळ, यांनी मिशनांची अनाथालये भरली. स्वीडनच्या लुथरन मिशनने १८७७ मध्ये मध्य प्रांतात कार्य सुरू केले आणि छिंदवाडा पुढे त्या मंडळीचे केंद्र झाले. अशा मिशनांच्या आश्रयाला आलेल्या मुलांपैकी जगलेली मुले आपल्या मंडळ्यांचे पूर्वज झाली. न जगलेली त्याच आवारात आहेत. १९१८ च्या मानमोडीने सर्वाधिक हानी ज्या प्रांतांची केली त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाड होते. त्या वर्षीच्या कार्तिकात नोंदवहीतले अक्षर बदललेले दिसले, तर लिहिणाराच गेला की काय, अशी शंका घ्यावी.

शेवटी, जिथे अक्षर आहे तिथे भाषा पाहावी. मी या भागात एकाच कुटुंबाच्या दोन कबरी पाहिल्या. आजोबांच्या शिळेवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असे होते, तर नातवाच्या शिळेवर ‘की स्मृति में’. घरात बोलणे अजून मराठीच. पण शाळा हिंदी झाली आणि अक्षर शाळेमागून गेले. १९५६ ची सरहद्द नकाशात एका रेषेने दाखविली जाते. ती दोन पिढ्यांच्या मधून कशी गेली हे त्या दोन कबरींनी मला दाखविले. तसेच ‘ख्रिस्तवासी’ हा आपला शब्द घ्या. ‘कैलासवासी’ आणि ‘वैकुंठवासी’ यांच्या साच्यात आपल्या पूर्वजांनी नवा विश्वास ओतला. पोथीत न सापडणारे ईश्वरज्ञान असे थडग्यावरच्या एका शब्दात सापडते.

एक चूक

हे सारे लिहिताना माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सोपविलेल्या एका धर्मग्रामात दफनभूमीला भिंत घालायची होती. सर्व मृतांच्या स्मरणदिनापूर्वी काम संपावे म्हणून मी घाई केली. झुडुपे तोडली, जमीन सपाट केली. नावे असलेल्या कबरींना चुना लावून घेतला. जे दगड सुटे, वेडेवाकडे आणि बिनअक्षरी होते ते गवंड्याने विचारले तेव्हा भिंतीत घालण्यास मी संमती दिली. लोकांनी माझे कौतुक केले. कोणी हरकत घेतली नाही. ज्यांनी घेतली असती ते भिंतीजवळ उभे राहण्याइतके धीट नव्हते, किंवा माझ्यापुढे बोलण्याइतके.

त्या दगडांत एक सपाट दगड होता. त्याच्या एका अंगावर टाकीचे बारीक खड्डे होते. गवंड्याचा टाकाऊ माल असावा असे मला वाटले. मास्तरांनी आपल्या आजीचा पाटा दाखविला त्या क्षणी मला ते खड्डे आठवले. पाट्याला टाकी देतात हे मला लहानपणापासून ठाऊक होते. आमच्या घरी टाकी देणारी बाई वर्षातून दोनदा येत असे. ठाऊक असूनही मी वाचले नाही, कारण तिथे वाचण्यासारखे काही असेल असे मला वाटलेच नव्हते. शास्त्री व परूशी यांना प्रभूने चुना लावलेल्या कबरींची उपमा का दिली, यावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. आता ते करताना मला ती भिंत दिसते.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, परमेश्वराला सर्वांची नावे ठाऊक आहेत. माणसाने ती टिपली काय आणि न टिपली काय? याचे पूर्वपद सत्य आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष आळशी आहे. ज्यांना संतती नाही आणि म्हणून ज्यांचे नाव बुडणार, त्यांना आपल्या घरात स्मारक व नाव देईन, असे अभिवचन यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात देव देतो. देव जे स्वतःच्या घरात करू इच्छितो ते त्याच्या सेवकांनी आपल्या कुंपणात करू नये काय? भुकेल्याला देव अन्न देतो म्हणून आपण ताट वाढण्याचे थांबवीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी मातीला इतके चिकटू नये. रिकाम्या कबरीपाशी देवदूतांनी स्त्रियांना हेच सांगितले. यावर रेव्ह. ना. वा. टिळकांचे उदाहरण मार्मिक आहे. १९१९ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन झाले. कबर हे तारणाचे साधन नव्हे, हे त्यांनी मरणातही दाखविले. तरीही रक्षा अहमदनगरला नेऊन तेथे ठेवण्यात आली. तारणासाठी स्थानाची गरज नसते, पण स्मरणाला ती असते. कॅथलिक धर्मसभेने १९६३ मध्ये दहनास अनुमती दिली आणि २०१६ मध्ये रक्षा पवित्र स्थळीच ठेवावी असे सांगितले. मृतांचे विस्मरण होऊ नये हे त्याचे एक कारण दिले आहे. दफनभूमी अपुऱ्या पडत आहेत आणि जुन्या कबरी पुन्हा वापराव्या लागत आहेत, अशा काळात हे कारण अधिकच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शिवाय ही केवळ भावनेची गोष्ट राहिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधील एका पास्टरच्या दफनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. योगायोगाने त्या गावाचेही नाव छिंदवाडाच आहे. आपल्या पूर्वजांना याच गावात पुरले आहे, वडिलांनाही येथेच पुरू द्यावे, असे मुलाचे म्हणणे होते. गावाचा विरोध होता, आणि त्या गावात ख्रिस्ती लोकांसाठी नेमून दिलेली जागा नाही अशी शासनाची भूमिका होती. देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला. दोन न्यायमूर्तींची मते भिन्न झाली. अखेर दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. जुन्या कबरींची नोंद असती तर निकाल वेगळा लागला असता असे मी म्हणत नाही. परंतु ‘आमचे लोक येथे आधीपासून आहेत’ हे ज्यांना सांगावे लागते, त्यांना ते दाखविताही यावे लागते. अब्राहाम हेब्रोन येथे उपरा होता. सारेच्या दफनासाठी मकपेलाची गुहा एफ्रोन देणगीदाखल देऊ करीत असताही त्याने ती चारशे शेकेल रुपे तोलून, वेशीतल्या सर्वांच्या देखत विकत घेतली. वचनदत्त देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली भूमी कबरेची होती, आणि तिच्या सीमेवरील झाडांसकट तिची नोंद उत्पत्तीच्या पुस्तकात आहे.

आपले काम

क्रॉफ्टन व हिरालाल यांनी आपापल्या परीने आपापले काम केले. तिसरी यादी करण्याचे काम त्यांचे नव्हते. ते आपले आहे, आणि ते इतर कोणास करताही येणार नाही. कारण ज्या पुस्तकातून ती उतरवायची ते पुस्तक म्हणजे आपल्या मंडळीतील वृद्ध माणसे होत.

त्यासाठी पैसा लागत नाही. दफनभूमीचा पायी मोजून नकाशा काढावा आणि प्रत्येक दगडाला, मग तो कसाही असो, क्रमांक द्यावा. गावातील दोन-तीन जाणत्यांना, त्यात स्त्रिया अवश्य असाव्यात, तेथे बसवून प्रत्येक क्रमांकाविषयी काय आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आठवणींत मतभेद झाला तर दोन्ही मते लिहावीत. जुन्या नोंदवह्या, विशेषतः मोडीत लिहिलेल्या, मोडी जाणणारा भेटेपर्यंत रद्दीत जाऊ देऊ नयेत. पुसट अक्षरांवर रंग भरू नये, आम्लाने दगड घासू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले की पुष्कळ अक्षरे आपोआप दिसतात. आणि जागा साफ करण्यापूर्वी, कोणताही दगड हलविण्यापूर्वी, विचारावे. मी विचारले नव्हते.

मास्तरांच्या सोबतीने त्या बावीस दगडांची वही आम्ही केली आहे. सतरा ओळींत नावे आहेत. आजीच्या ओळीत तिच्या नावापुढे ‘पाटा’ अशी खूण आहे. उरलेल्या पाच ओळींत फक्त क्रमांक आणि दगडाचे वर्णन आहे. यंदा सर्व मृतांच्या स्मरणदिनी मी नावे वाचीन तेव्हा ते पाच क्रमांकही वाचणार आहे.